हवा काढूनही पेडल खाली जाते, तेव्हा आधी शूचे अंतर पाहावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अंबड तालुक्यातून मोसंबीचे क्रेट घेऊन तुमची लोडिंग रिक्षा आठवड्यातून तीन-चार फेऱ्या जालन्याच्या बाजाराला करते. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी) तुम्ही स्वतः बदलले, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये नवीन रबर किट टाकले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा चार वेळा काढली आणि त्यात अर्धा लिटर ब्रेक ऑइल गेले. तरीही पहिल्यांदा पाय दाबला की पेडल जवळजवळ तळाला टेकते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की अर्ध्यावर येऊन घट्ट होते. गावच्या मेकॅनिकने मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) बदलायला सांगितले आहे आणि तो खर्च करावा की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

माझे मत विचाराल तर तो खर्च अजून करू नका. तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: जुन्या ड्रमच्या तोंडाशी काठ पडला होता, नवे शू लावल्यावर ड्रम चढेना, म्हणून तुम्ही ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा भाग, पूर्ण मागे घेतला. तो पुन्हा पुढे आणल्याचे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. तुम्ही हवेच्या मागे लागला आहात, पण मला हा प्रश्न शू आणि ड्रम यांच्यात राहिलेल्या अंतराचा दिसतो. हे अंतर हवा कितीही काढली तरी कमी होत नाही.

काही गोष्टी मात्र गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. गाडी मी पाहिलेली नाही. काही गाड्यांत शू दातेरी चाकाने पुढे-मागे होतात, काहींत बॅकप्लेटच्या (शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या) मागे फिरवायचा कॅम असतो, तर काहींत अंतर आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा असते आणि ती धुळीने अडकून बसते. मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे की दोन कप्प्यांचा, यावरही थोडा फरक पडतो. त्यामुळे नटाची घट्टी, लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) किमान जाडी आणि शूचे अंतर यांचे आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या. मी सांगतो तो विचार आणि कामाचा क्रम मात्र सर्व हायड्रॉलिक ड्रम ब्रेकना लागू आहे.

गाडी उचलण्यापूर्वी पेडलला तीन प्रश्न विचारायचे असतात. पहिला, पेडल शेवटी कसे लागते? आत हवा असेल तर ते रबराच्या चेंडूसारखे दबते आणि कितीही जोर दिला तरी थोडे थोडे दबतच राहते, कारण ऑइल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही आणि हवा मात्र आकसते. अंतर जास्त असेल तर पेडल सुरुवातीला पोकळ जाते, पण शू ड्रमला टेकले की लाकडावर पाय ठेवल्यासारखे घट्ट थांबते. दुसरा, लागोपाठ दाबल्यावर काय होते? हवा असतानाही दोन-तीन दाबांत पेडल थोडे वर येते, त्यामुळे केवळ ते वर आले म्हणून निष्कर्ष काढू नका. वर आल्यावर ते घट्ट आहे की लवचिक, हे पाहा. तिसरा, घट्ट झालेले पेडल त्याच जोराने मिनिटभर दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकते का? ते सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला रबर वॉशर ऑइल मागे सोडतो आहे, असे समजावे. तुमचे पेडल दुसऱ्या दाबाला घट्ट होते आणि सिग्नलला पाय ठेवून उभे असताना जागेवर राहते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तिसऱ्या परीक्षेत तुमचा मास्टर सध्या तरी उत्तीर्ण आहे.

पहिला दाब पोकळ आणि दुसरा घट्ट, असे का होते ते समजून घेतले तर पुढचे काम सोपे होईल. मास्टर सिलिंडर एका दाबात ठरावीक ऑइलच पुढे ढकलू शकतो. तुमच्या मागच्या दोन चाकांत मिळून चार पिस्टन आहेत. हिशेबासाठी मास्टर आणि व्हील सिलिंडर यांचा व्यास सारखाच धरू. शू ड्रमपासून लांब राहिल्यामुळे यातला प्रत्येक पिस्टन १ मिलिमीटर जास्त सरकावा लागत असेल, तर मास्टरचा पिस्टन ४ मिलिमीटर जास्त सरकला पाहिजे. पेडलची तरफ चारास एक अशी असेल, तर तुमच्या पायाखाली हा फरक १६ मिलिमीटरचा होतो. प्रत्येक पिस्टनला २ मिलिमीटर जास्त सरकावे लागले तर ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचापेक्षा जास्त पेडल फुकट गेले. चाकाजवळ डोळ्यांना न दिसणारे अंतर पायाखाली एवढे मोठे होऊन येते.

आता दुसरा दाब. पेडल सोडताच मास्टरचा पिस्टन स्प्रिंगच्या जोरावर झटकन मागे येतो, पण चाकांतले ऑइल अरुंद नळीतून तितक्या वेगाने परतत नाही. पिस्टनच्या पुढे त्या क्षणी जी उणीव पडते, ती ब्रेक ऑइलच्या टाकीकडचे ऑइल वॉशरच्या कडेवरून पुढे येऊन भरून काढते. तुम्ही लगेच पाय दाबला, तर शू अजून पूर्ण मागे गेलेले नसतात आणि पुढच्या बाजूला ऑइल जास्त असते, म्हणून पेडल वर लागते. अर्धा मिनिट थांबून दाबून पाहा. जास्तीचे ऑइल बारीक छिद्रातून टाकीत परत गेलेले असेल आणि पेडल पुन्हा तळाला जाईल. असे झाले आणि शेवटचा दाब घट्ट असला, तर मी आधी शू जुळवतो, हवा काढायच्या निपलला हात नंतर लावतो.

काम सुरू करताना गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि मागची बाजू जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवा. तीन चाकांची गाडी एका बाजूने उचलली की चटकन कलते. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि फुटलेल्या विटेखाली माणसाचा हात गेलेला मी पाहिला आहे, म्हणून एवढे आग्रहाने लिहितो.

सर्वांत आधी हँडब्रेकची केबल सैल करा. केबल ताणलेली असेल तर शू आपल्या मूळ जागी टेकत नाहीत, अंतर कमी भासते आणि पुढचे सगळे जुळवणे चुकते. मग ड्रम काढा. आतली काळी धूळ हवेच्या पाईपने उडवू नका आणि तोंडाने तर कधीच फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेलेले परत निघत नाही. ओल्या फडक्याने किंवा पाणी शिंपडून ती धूळ पुसून घ्या.

ड्रमकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण शू बदलणारे बहुतेक लोक ड्रमकडे पाहतच नाहीत. तोंडाशी काठ पडला आहे, याचा अर्थ आतला पृष्ठभाग तेवढा झिजला आहे, म्हणजेच ड्रमचा आतला व्यास वाढला आहे. अनेक ड्रमांवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. लेथवाल्याकडून व्यास मोजून घ्या. मर्यादेच्या आत असेल तर काठ काढून पृष्ठभाग सारखा करून घ्या. मर्यादेबाहेर गेला असेल तर ड्रम बदला, कारण पातळ ड्रम तापल्यावर जास्त फुगतो आणि त्याला तडा जाण्याचा धोका असतो. दोन्ही मागचे ड्रम शक्यतो सारख्याच मापाला कातावेत, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

नवा शू जुन्या ड्रममध्ये कुठे टेकतो, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. लायनरवर शाळेतल्या खडूचे पट्टे ओढा, ड्रम चढवा, पेडल हलके दाबून चाक हाताने फिरवा आणि ड्रम काढून पाहा. खडू फक्त मध्यभागी पुसला गेला असेल तर ड्रमचा गोल शूच्या गोलापेक्षा मोठा झाला आहे. हा दोष थोडा असेल तर शू काही दिवस चालून आपोआप बसतो. खडू फक्त दोन टोकांना पुसला गेला असेल तर मात्र सावध व्हा. अशा वेळी दाबाखाली शू मधोमध लवतो आणि आत हवा नसतानाही पेडल हवा असल्यासारखेच लवचिक लागते. या एका कारणाने लोकांनी दोन-दोन बाटल्या ऑइल घालवलेले मला माहीत आहे.

शू बसवताना पुढचा आणि मागचा यांची अदलाबदल झाली नाही ना, तेही आता पाहून घ्या. चाक फिरते त्या दिशेने पाहिले तर एका शूला ड्रमच ओढून आणखी घट्ट करतो आणि दुसऱ्याला ढकलतो. म्हणूनच काही गाड्यांत दोन्ही लायनरची लांबी वेगळी ठेवलेली असते. रिटर्न स्प्रिंग योग्य भोकात आहे का, हे दुसऱ्या चाकाशी ताडून पाहा. एका वेळी एकच चाक उघडावे, असा माझा नियम यासाठीच आहे. बॅकप्लेटवर शू जिथे घासत सरकतो, त्या जागांना उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट थर द्या आणि लायनरला ग्रीसचे बोटही लागू देऊ नका. ॲडजस्टरचे आटे वायर ब्रशने साफ करा. आपल्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात ड्रममध्ये शिरतो आणि उन्हाळ्यात तिथेच दगडासारखा वाळतो. ॲडजस्टर फिरत नाही म्हणून तो बिघडला असे लोक समजतात, पण बहुतेक वेळा त्यात फक्त माती असते.

आता मुख्य काम. ड्रम आणि चाक बसवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत ॲडजस्टर पुढे आणा. मग पेडल दोन-तीन वेळा जोराने दाबा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर सरकून बसतील. यानंतर चाक पुन्हा सैल झाल्यासारखे वाटेल. तेवढे आणखी घट्ट करा. मग ॲडजस्टर एक-एक दाता मागे घेत जा आणि चाक मोकळे फिरून शूचा अगदी हलका, सारखा आवाज येईल तिथे थांबा. फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर ड्रम गोल नाही किंवा हबवर नीट टेकलेला नाही. दुसऱ्या मागच्या चाकाला असेच करा, पुढच्या चाकाचे अंतरही तपासा आणि मगच पेडल दाबून पाहा. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की अर्धाअधिक प्रश्न इथेच मिटेल.

एवढे झाल्यावर, आणि एवढे झाल्यावरच, हवा काढायला घ्या. तुम्ही व्हील सिलिंडर उघडले होते, म्हणजे हवा आत गेली होती हे खरेच आहे, आणि चार प्रयत्नांत ती पूर्ण निघाली याची खात्री देता येत नाही. हवा काढताना मागचे दोन्ही ॲडजस्टर तात्पुरते पूर्ण घट्ट करून ठेवतो, ही माझी सवय आहे. त्यामुळे पिस्टन आत दाबलेले राहतात, त्यांच्यामधली पोकळी लहान होते आणि बुडबुड्यांना लपायला जागा उरत नाही. काम संपल्यावर ॲडजस्टर पुन्हा ठरल्या जागी आणायला विसरू नका.

नळीच्या मार्गाने मास्टरपासून सर्वांत लांब असलेल्या चाकापासून सुरुवात करा. तुमच्या गाडीत ते मागचे एखादे असेल आणि पुढचे चाक शेवटी येईल. निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवा आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा. जोडीदाराने पेडल सावकाश दाबून धरायचे, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचे, ऑइल थांबत आले की बंद करायचे, आणि तुम्ही ‘सोड’ म्हटल्यावरच त्याने पाय उचलायचा. या क्रमात एकदा जरी चूक झाली तरी बाहेर आलेली हवा परत आत ओढली जाते. घाईघाईने पेडल मारत राहिले तर मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि फेस काढायला दुप्पट वेळ लागतो. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहा. ती एकदा रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून.

जोडीदाराला पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका, पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये वॉशर रोज जेवढा सरकतो तेवढाच भाग गुळगुळीत राहिलेला असतो आणि त्याच्या पुढे गंज व गाळ साचलेला असतो. हवा काढताना वॉशर त्या भागात ढकलला गेला की त्याची कड फाटते आणि मग चांगला मास्टर खरोखरच खराब होतो. तुमच्याकडून चार वेळा असे झाले असण्याची शक्यता आहे, म्हणून मिनिटभर दाबून धरण्याची परीक्षा शेवटी पुन्हा करा.

निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे का, तेही पाहा. काही गाड्यांचे डावे-उजवे सिलिंडर एकमेकांच्या जागी बसतात, पण निपल खाली आणि ऑइलची नळी वर येते. मग हवा वरच्या कोपऱ्यात राहते आणि निपलमधून बुडबुड्याशिवाय स्वच्छ ऑइल येत राहते. मागे कृषी पर्यटन केंद्रावरची एक जुनी आयात केलेली एटीव्ही (खडबडीत जागेवर चालवायची छोटी गाडी) माझ्याकडे आली होती. तिला पुढे हायड्रॉलिक ड्रम होते, मागे केबलवर चालणारा ड्रम होता आणि पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन-दोन सिलिंडर होते. त्या दोन सिलिंडरांना जोडणाऱ्या आखूड नळीत हवा अडकून बसली होती. शू घट्ट जुळवून आणि बॅकप्लेटवर हलके ठोकत ठोकत हवा काढली, तेव्हा ती निघाली. गाडी वेगळी असली तरी हवा वर जाते, हा नियम तोच राहतो.

इतके करूनही पेडल लवचिकच राहिले, तर दोष कोणत्या चाकात आहे हे शोधता येते. ब्रेकच्या रबरी नळ्या सुस्थितीत असतील, तर गोल तोंडाच्या, खास नळीसाठीच्या क्लॅम्पने तिन्ही नळ्या दाबून पेडल पाहा. साधी पक्कड वापरू नका, तिने नळी आतून फाटते. पेडल वर आणि घट्ट लागले तर मास्टर ठीक आहे. मग एक-एक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल खाली जाईल, तेच चाक पुन्हा उघडा. तिन्ही नळ्या बंद असतानाही पेडल खाली जात असेल, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे आणि मास्टरचा खर्च करावा.

तुम्ही वापरलेल्या ऑइलविषयी मला काळजी वाटते. शेडमध्ये मागच्या वर्षापासून उघडी पडलेली बाटली वापरल्याचे तुम्ही लिहिले आहे. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो, असे मानक आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कांद्याने भरलेली एक रिक्षा मांजरसुंब्याच्या घाटातून उतरवताना चालकाने गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवरच ठेवला होता. मी शेजारी बसलो होतो. अर्ध्या उतारावर पेडल मऊ झाले आणि मग पोकळ गेले. खालचा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला लागली. अर्ध्या तासाने पेडल पूर्वीसारखे घट्ट होते, आणि नंतर काढलेले ऑइल काळ्या चहासारखे निघाले. चाकाजवळ ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती आणि वाफही हवेसारखीच दबते.

त्यात ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून आणखी लांब जातो. म्हणजे सकाळी, रिकाम्या गाडीला तळाजवळ जाणारे तुमचे पेडल दुपारच्या बेचाळीस अंशांत, भरल्या गाडीला उतारावर कुठे जाईल, याचा विचार करा आणि हे काम पूर्ण होईपर्यंत माल भरू नका. जुने सगळे ऑइल काढून, टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला आहे तोच, सीलबंद बाटलीतून भरा. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचे खनिज तेल एक थेंबही नको, त्याने रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

शेवटी ॲडजस्टर जागेवर आणा, त्यानंतर हँडब्रेकची केबल जुळवा आणि रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, हळू वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहा. दोन-तीन किलोमीटर ब्रेक न मारता चालवून ड्रमला लांबूनच हाताचा ऊब-अंदाज घ्या. एकच ड्रम तापलेला असेल तर त्या चाकाचे शू जास्त घट्ट आहेत. नवे लायनर बसत जातात तसे अंतर पुन्हा वाढते, म्हणून आठवड्याभराने एकदा ॲडजस्टर तपासा. ड्रमच्या व्यासाचा आकडा आणि खडू कुठे पुसला गेला हे मला कळवा, त्यावरून शू बदलायचे की चालवायचे ते सांगता येईल.